कर्ज सँक्शन होतं, मग रशियावर सँक्शन कसं लागतं?

२०२५ ची भाऊबीज, २३ ऑक्टोबर. आम्ही सगळे माहेरी जमलो होतो. भावाच्या घराचं कर्ज दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मंजूर झालं होतं आणि बाबा बँकेचं ‘सँक्शन लेटर’ चष्मा लावून ओळीन् ओळ वाचत होते. समोर टीव्हीवर पट्टी सरकत होती: रोसनेफ्ट आणि ल्युकॉइल या रशियन तेल कंपन्यांवर अमेरिकेचे सँक्शन्स. बाबांनी कागद मांडीवर ठेवला.

“अगं, आयुष्यभर फायलींवर सँक्शन लिहिलं मी. सँक्शन म्हणजे मंजुरी. मग अमेरिकेने त्या कंपन्यांना मंजुरी दिली, तर एवढा गदारोळ कशाला?”

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पद सँक्शन, रजा सँक्शन, दुरुस्तीचा खर्च सँक्शन, यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि मला त्याचं उत्तर चटकन देता आलं नाही. ‘त्याचा दुसरा अर्थ निर्बंध’ एवढं सांगून मी वेळ मारून नेली. पण एकाच शब्दाचा एक अर्थ ‘जा, कर’ आणि दुसरा ‘खबरदार, केलंस तर’ असा कसा, हे मनात राहिलं. शोधत गेले तेव्हा कळलं की हे दोन अर्थ मुळात विरुद्ध नाहीतच. शिवाय ते समजायला लागणारा शब्द आपल्या मराठीतच आहे.

आधी दोन अर्थ वेगळे ठेवू

पहिला अर्थ मंजुरीचा. आपण रोज वापरतो तो. लोन सँक्शन झालं, बांधकामाचा प्लॅन सँक्शन झाला, शाळेत शिक्षकांची दोन पदं सँक्शन आहेत. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असतो, तोच इंग्रजीतला ‘सँक्शन्ड लोड’. म्हणजे अधिकार असलेल्या कुणीतरी ‘हे चालेल’ असं रीतसर कागदावर म्हटलेलं असतं.

दुसरा अर्थ शिक्षेचा. आंतरराष्ट्रीय बातम्यांत येतो तो. एखाद्या देशाने, कंपनीने किंवा माणसाने नियम मोडला असं ठरवून त्याच्याशी व्यवहार तोडणं, त्याचे पैसे गोठवणं, त्याला आपल्या बँकांची दारं बंद करणं. मराठी वर्तमानपत्रं याला ‘निर्बंध’ म्हणतात, आणि शब्द चांगला आहे.

अशा उलटसुलट अर्थांच्या शब्दाला भाषाशास्त्रात कॉन्ट्रोनिम म्हणतात. नाव दिल्याने कोडं मात्र सुटत नाही. त्यासाठी रोमपर्यंत जावं लागतं.

रोमची भिंत

लॅटिनमध्ये ‘सांकीरे’ असं क्रियापद आहे. विधिपूर्वक एखादी गोष्ट पक्की करणं, तिला हात लावता येणार नाही अशी करून ठेवणं, हा त्याचा अर्थ. जे असं पक्कं झालं ते ‘सांक्तुस’. इंग्रजीतला सेंट म्हणजे ख्रिस्ती संत, अभयारण्यासाठीचा सँक्च्युअरी हा शब्द, आणि आपल्या सांताक्रूझ स्टेशनच्या नावातलं पोर्तुगीज ‘सांता’, ही सगळी याच घरची मंडळी. (आपला ‘संत’ मात्र या घरचा नाही. तो संस्कृत ‘सत्’वरून आला. दोन शब्दांचं साम्य हा निव्वळ योगायोग आहे.)

आता खरी गंमत. इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या काळात रोमन कायद्याचं एक पाठ्यपुस्तक तयार झालं. त्यात शहराची तटबंदी आणि वेशीचे दरवाजे ‘सांक्तुस’ का म्हणवतात ते सांगितलं आहे. देऊळ पवित्र असतं हे कुणालाही कळेल, पण दगडविटांची भिंत पवित्र कशी? पुस्तक म्हणतं, भिंतीला धक्का लावणाऱ्याला देहान्ताची शिक्षा आहे, म्हणून ती सांक्तुस. आणि लगेच पुढचं वाक्य असं की, म्हणूनच कायदा मोडणाऱ्याला काय शिक्षा होईल हे कायद्याच्या ज्या भागात लिहिलेलं असतं, त्याला ‘सांक्तिओ’ म्हणतात.

हाच आपला सँक्शन. रोमच्या स्थापनेच्या दंतकथेत रेमस आपल्या भावाने, रोम्युलसने, बांधलेली नवी भिंत चेष्टेने उडी मारून ओलांडतो आणि जिवाला मुकतो. दंतकथा खरी असो नसो, तिच्यामागचा विचार तोच आहे.

भिंतीकडे दोन बाजूंनी बघता येतं. आत राहणाऱ्याला ती म्हणते, इथे तू सुरक्षित आहेस, ही जागा तुझी. बाहेरून चढणाऱ्याला ती म्हणते, जिवाची आशा सोड. भिंत एकच असते. सँक्शनमध्ये या दोन्ही बाजू पहिल्यापासून होत्या. एक बाजू पक्कं करण्याची आणि दुसरी मोडणाऱ्याला दंड करण्याची.

आपल्याकडे हाच शब्द आहे: ‘शासन’

हे वाचताना मी थबकले, कारण ही जोडी कुठेतरी पाहिलेली वाटली. सरकारी कागदावर ‘महाराष्ट्र शासन’ असतं, ‘शासन निर्णय’ निघतो आणि त्याच्या जोरावर पदं आणि निधी मंजूर होतात. आणि आपणच म्हणतो, “अशा लोकांना कडक शासन झालं पाहिजे.” पहिल्या ‘शासन’मधून मंजुरी निघते, दुसरं म्हणजे सरळ शिक्षा. आपण दोन्ही वापरतो आणि गोंधळ होत नाही. संस्कृत ‘शास्’ या धातूत आज्ञा करणं, शिकवणं आणि शिक्षा करणं असं तिन्ही आहे. शास्त्र आणि शिष्य तिथूनच आले. ‘दंडक’ म्हणजे रीत, नियम. त्यात दंडही बसलाच आहे.

जुन्या काळी राजा जमीन दान द्यायचा तेव्हा त्या दानाच्या लेखालाच शासन म्हणत. तांब्याच्या पत्र्यावर कोरलं तर ताम्रशासन. दगडावर कोरलेली शासनं कोकणात बरीच सापडतात. त्यातला एक प्रकार म्हणजे गधेगाळ. शिळेच्या वरच्या भागात चंद्र आणि सूर्य, म्हणजे हे दान आचंद्रसूर्य टिकावं. मध्ये लेख. आणि तळाशी शापाचं चित्र: हे दान जो मोडेल त्याच्या आईला गाढवाची शिवी.

मुंबईत परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा लेख इ.स. ११८७ चा. त्यातला दानाचा मजकूर संस्कृतात आहे. शाप मात्र मराठीत: जो कोणी ‘ए शासन लोपी’, म्हणजे हे शासन बुडवील, त्याचं काय होईल ते गावच्या भाषेत, सगळ्यांना कळावं म्हणून.

एका शिळेवर मंजुरी आणि शिक्षा एकाखाली एक. रोमन कायदेपंडिताला ही शिळा दाखवली असती तर त्याने तळाच्या चित्रावर बोट ठेवून सांगितलं असतं, हा सांक्तिओ.

एक गोष्ट मला त्या शिळांकडे बघताना नेहमी टोचते. दान मोडणार पुरुष, आणि विटंबना कोरलेली त्याच्या आईची. तिचा काय संबंध? हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

इंग्रजीत दोन वाटा कशा फुटल्या

इंग्रजीत सँक्शन सोळाव्या शतकात आला तो ‘गंभीर फर्मान’ या अर्थाने. युरोपच्या इतिहासात ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ वाचायला मिळतं ते याच अर्थाचं. १७१३ साली सम्राट सहाव्या चार्ल्सने काढलेल्या फर्मानाने हाब्सबर्ग घराण्यात मुलीलाही वारसा मिळायची सोय झाली. पुढे त्याच्या मुलीने, मारिया थेरेसाने, गादी सांभाळली.

सतराव्या शतकात वकिलांनी जुना रोमन अर्थ उचलला: कायद्याला धाक देणारं कलम. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचं क्रियापद झालं, अर्थ ‘संमती देणं, अधिकृत ठरवणं’. हीच संमतीवाली वाट पुढे कचेऱ्यांच्या इंग्रजीतून आपल्या फायलींवर आली आणि बाबांच्या टेबलावर पोचली.

मधल्या पुलावर इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम उभा आहे. १७८९ साली छापलेल्या ग्रंथात त्याने सँक्शन म्हणजे माणसाला नियम पाळायला लावणारं बळ, असं धरलं. चार प्रकार सांगितले: निसर्गाचं, राज्याचं, लोकांच्या मताचं आणि धर्माचं. आपल्या भाषेत सांगायचं तर विस्तवात हात घातला की भाजतो, चोरी केली की पोलीस नेतात, खोटं बोललं की गाव नावं ठेवतं आणि पाप केलं की देव बघतो. या बळात सुखाचं आमिषही आहे आणि दुःखाची भीतीही, हे त्याने स्पष्ट मांडलं. म्हणजे तोवर शब्द अजून एकसंध होता.

निर्बंधवाला अर्थ बातम्यांत कधी आला?

पहिल्या महायुद्धानंतर. लीग ऑफ नेशन्स ही देशांची संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या करारातल्या कलम १६ मध्ये ठरलं की करार धुडकावून युद्ध पुकारणाऱ्या देशाशी बाकीच्यांनी व्यापार आणि पैशांचे संबंध तोडायचे. देशादेशांमधल्या कायद्याला तोपर्यंत दात नव्हते, हे ते दात. म्हणून त्यांना वकिली भाषेतलं नाव मिळालं, सँक्शन्स.

१९३५ च्या ऑक्टोबरात मुसोलिनीच्या इटलीने अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला आणि लीगने इटलीवर निर्बंध घातले. पण तेल त्यातून वगळलं. ज्या तेलावर इटलीची लष्करी वाहनं धावत होती तेच मोकळं राहिलं. पुढच्या जुलैत निर्बंध उठले तोवर अ‍ॅबिसिनिया पडलेलं होतं. आज रशियाच्या बाबतीत सगळा झगडा तेलावरच का चालतो, ते या जुन्या प्रकरणातून कळतं.

‘कुणावर तरी सँक्शन घालणं’ असं शिक्षेचं क्रियापद त्यानंतरचं, विसाव्या शतकाच्या मध्याचं. म्हणजे बाबांच्या अर्थापेक्षा जवळपास दीडशे वर्षांनी लहान.

आपला देशही या शब्दाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला आहे. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावरून त्या देशाशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत. आणि मे १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले ते आपल्यावर. त्यातले बहुतेक सप्टेंबर २००१ मध्ये उठले.

‘पण ते अमेरिकेचं. आपल्याला काय त्याचं?’

हे समजायला वाळीत टाकण्याची रीत आठवा. गावकीने एक घर वाळीत टाकलं की त्या घराला किराणा कुणी द्यायचा नाही, पाणी भरू द्यायचं नाही. पण खरा जाच पुढच्या नियमात असतो: त्या घराशी जो व्यवहार करील तोही वाळीत. दुकानदाराचं त्या घराशी वैर नसतं. त्याला फक्त बाकीचं गाव गमवायचं नसतं, म्हणून तो दार लावून घेतो. (ही रीत अन्यायाची आहे. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने ती गुन्हा ठरली. मी तुलना फक्त यंत्रणेची करतेय.)

अमेरिकेचं अर्थखातं निर्बंधांची यादी ठेवतं. यादीत नाव आलं की अमेरिकी बँका आणि कंपन्या त्या नावाशी व्यवहार करू शकत नाहीत, हा पहिला थर. दुसऱ्या देशातल्या बँकेने मोठा व्यवहार केला तर तिच्यावरही निर्बंध येऊ शकतात, हा दुसरा थर. डॉलरमधले व्यवहार शेवटी अमेरिकी बँकांतून जातात, त्यामुळे ते गाव फार मोठं आहे. म्हणूनच मे २०१९ मध्ये इराणवरच्या निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं. आपला इराणशी तंटा नव्हता.

युरोपियन युनियनने १८ जुलै २०२५ च्या निर्बंधांत नायरा एनर्जीचं नाव घातलं. गुजरातमधल्या वाडिनारला तिची रिफायनरी आहे आणि तिच्यात रोसनेफ्टचा जवळपास निम्मा हिस्सा आहे. याच नायराचे पंप आपल्याकडच्या रस्त्यांवर दिसतात.

आणि इथे त्या शिळेवरच्या आईचा प्रश्न परत येतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकवर संयुक्त राष्ट्रांनी जवळपास सगळ्या व्यापाराचे निर्बंध घातले. सद्दाम हुसेन पुढे बारा वर्षं गादीवर राहिला, हाल साध्या घरांचे झाले. त्या अनुभवानंतर ठरावीक माणसं, कंपन्या आणि जहाजं यांच्या नावाने निर्बंध घालायची पद्धत रूढ झाली. माझ्या मते तरीही झळ शेवटी खालच्या माणसाला लागतेच, फक्त ती उशिरा दिसते.

‘उलटे अर्थ एका शब्दात नांदतात कसे?’

मराठीत विचारा. नारळ वाढवतात म्हणजे फोडतात. बांगडी वाढली म्हणजे फुटली. दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं, आणि मोठं केलं असंही. इथे कारण वेगळं आहे: फुटणं, बंद होणं हे अशुभ शब्द तोंडी येऊ नयेत म्हणून आपण उलटा शब्द घेतला. ‘काढणे’ बघा. रांगोळी काढली म्हणजे नवी घातली, डाग काढला म्हणजे घालवला. कुणाचाही घोटाळा होत नाही, कारण शब्द कधी एकटा येत नाही, सोबत्यांना घेऊन येतो.

सँक्शनचे सोबती ओळखा

बाबांना शेवटी मी मराठीतूनच खूण सांगितली. सँक्शन ‘मिळतं’ किंवा ‘होतं’ तेव्हा ते मंजुरीचं. सँक्शन ‘लागतं’, तेही कुणा‘वर’, तेव्हा ते निर्बंधाचं. कर्ज सँक्शन झालं, कंपनीवर सँक्शन लागलं.

इंग्रजी वाचताना दुसरी खूण उपयोगी पडते. सँक्शन कशाचं होतंय ते बघा. काम, रक्कम, पद, नकाशा असेल तर मंजुरी. माणूस, कंपनी, देश, जहाज असेल तर शिक्षा. ‘यूएन-सँक्शन्ड’ मोहीम म्हणजे संयुक्त राष्ट्रांची संमती असलेली मोहीम आणि ‘यूएन-सँक्शन्ड’ माणूस म्हणजे त्यांच्या काळ्या यादीतला माणूस. अक्षरं तीच आहेत. शब्द अनेकवचनी, ‘सँक्शन्स’ असा आला तर बहुतेक वेळा निर्बंधच.

यंत्राने केलेल्या भाषांतरात हे सांभाळलं जाईलच असं नाही. ‘मंजूर रशियन जहाज’ असं काही वाचायला मिळालं तर मूळ शब्द आठवा, अर्थ लागेल.

सगळ्यात फसवी जागा: खटल्याची मंजुरी

“अमुक अधिकाऱ्याविरुद्ध सँक्शन मिळालं” अशी बातमी येते. ‘विरुद्ध’ वाचून वाटतं शिक्षा झाली. तसं नसतं. सरकारी नोकरावर त्याच्या कामाच्या संदर्भात खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते, ती ही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आहे. नव्या कायद्यात सरकारला १२० दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात काही ठरवलं नाही तर मंजुरी दिली असं धरतात. म्हणजे हे कोर्टात जायची परवानगी मिळणं आहे. माणूस दोषी की निर्दोष, ते पुढे.

‘मराठीत मंजुरी आणि निर्बंध आहेत, मग हा खटाटोप का?’

मराठीत लिहिताना-बोलताना खरंच ते दोन शब्द वापरावेत. मंजुरी तर फार सुंदर शब्द आहे. अरबी ‘मंझूर’, म्हणजे पाहिलेलं. ‘नजर’ त्याच धातूची. वरिष्ठांच्या नजरेखालून गेलं ते मंजूर. निर्बंधात बांधणं आहे. दोन स्वच्छ शब्द, दोन स्वच्छ कामं. पण बँकेचा कागद, वीजबिल, कोर्टाचा हुकूम आणि जगाची बातमी इंग्रजीतून आपल्या घरात येते, आणि सही आपल्याला करायची असते.

सही भावाची बाकी होती. मी हे सगळं बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते सँक्शन लेटर पुन्हा हातात घेतलं. पहिल्या पानावर रक्कम, मुदत, व्याजाचा दर, ‘आम्हाला कळविण्यास आनंद होतो’च्या धर्तीचं इंग्रजी. त्यांनी पानं उलटली. तिसऱ्या पानावर बारीक टायपात अटी होत्या: हप्ता चुकला तर किती शुल्क, कागद खोटे निघाले तर मंजुरी रद्द. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना दंडाचं व्याज लावता येत नाही, दंडात्मक शुल्क लावता येतं. ते शुल्क तिथे आकड्यात लिहिलेलं होतं.

“वर चंद्र-सूर्य,” बाबा पहिल्या पानावर बोट ठेवत म्हणाले, आणि तिसरं पान भावापुढे धरलं. “आधी हे वाच.”